ई-क्लास, गायरान आणि आपला सातबारा

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाडा आणि विदर्भातला खरीप धुऊन नेला. राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यावर वर्तमानपत्रांत पानेच्या पाने भरली. पुरेसे की अपुरे, वेळेवर की उशिरा, यावर बरीच चर्चा झाली. एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, पण ज्याचे सोयाबीन पाण्याखाली गेले, त्याला काय मिळणार?

आम्ही धाड परिसरात काम करतो. धाड हे बुलडाणा तालुक्याचे, वऱ्हाडाच्या टोकाचे गाव; पुढे गेले की जालना जिल्हा, म्हणजे मराठवाडा लागतो. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभारात गेले, मराठवाडा निजामाकडे राहिला. त्यामुळे शेजारशेजारच्या शिवारांत महसुलाचे शब्दसुद्धा वेगळे. चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीला आपल्याकडे ‘ई-क्लास’ म्हणतात, पलीकडे तिलाच ‘गायरान’. ती कसणारा माणूस मात्र दोन्हीकडे सारखाच आहे: भूमिहीन, आणि बहुतेक वेळा बौद्ध, मातंग, पारधी किंवा भटक्या जमातीतला. आजोबाने दगडगोटे वेचले, बापाने बांध घातला, आज नातू तिथे सोयाबीन आणि तूर पेरतो. तीन पिढ्यांची ही वहिती सरकारच्या दप्तरात एकाच शब्दात नोंदली जाते: अतिक्रमण.

हा शब्द एकदा लागला की पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. पीककर्ज नाही, पीकविमा नाही, पीएम किसान नाही. अतिवृष्टीचा पंचनामा झालाच तर मदत कुणाच्या नावाने काढायची, हा प्रश्न उभा राहतो. आता ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला, तोही सातबाऱ्याला जोडलेला. म्हणजे हा माणूस शेती करतो, पण सरकारच्या लेखी शेतकरी नाही. जात आता पूर्वीसारखी राहिली नाही, असे कॉलेजच्या कट्ट्यावर बोलणाऱ्या मित्रांनी एकदा गावातले सातबारे आडनावांप्रमाणे मांडून पाहावेत. समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचलेली विषमता तिथे एकर-गुंठ्यांत दिसते.

जुनी लढाई, जुने निर्णय

जमिनीची मागणी आपल्या चळवळीला नवी नाही. बाबासाहेबांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी आणि जातधर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी योजना मांडली होती. त्यांच्यानंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा प्रश्न रस्त्यावर आणला. 6 डिसेंबर 1964 ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला आणि लाखो लोकांनी अटक करून घेतली. मराठवाड्यात पुढे ॲड. एकनाथ आवाड यांनी गायरानाचा लढा गावोगावी नेला. त्यात मांग, महार, पारधी एका बांधावर उभे राहिले. आज जयंतीची मिरवणूकसुद्धा एकत्र काढणे आपल्याला जमत नाही, तेव्हा ही गोष्ट आठवून ठेवण्यासारखी आहे.

या दबावातूनच दोन शासन निर्णय निघाले. 27 डिसेंबर 1978 चा निर्णय त्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंतच्या अतिक्रमणांसाठी होता. 28 नोव्हेंबर 1991 चा निर्णय 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळात सरकारी पडीक आणि गायरान जमीन शेतीसाठी कसायला घेतलेल्या भूमिहीनांसाठी होता. 14 एप्रिल 1990 ही तारीख कुठून आली, ते या वाचकांना सांगायला नको. निर्णय चांगलाच होता. त्याने काहींना पट्टे मिळाले आणि ते भोगवटादार वर्ग-2 म्हणून सातबाऱ्यावर आले. पण ज्यांचा अर्ज गेला नाही, गेला तर पोच मिळाली नाही, किंवा पोच मिळाली आणि फाईल तालुक्याच्या कपाटात पडून राहिली, त्यांची संख्या मोठी आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे याच तिसऱ्या प्रकारातली असतात.

मग 2011 साल आले. 28 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्याला धरून महाराष्ट्राने 12 जुलै 2011 चा शासन निर्णय काढला. तेव्हापासून तहसीलमध्ये कुणीही गेले की एकच उत्तर मिळते: ‘सुप्रीम कोर्टाची बंदी आहे.’

आपल्या तरुणांनी तो निकाल मुळातून वाचावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. गावातल्या तळ्यावर पैसा आणि राजकीय वजनाच्या जोरावर घरे बांधणाऱ्यांविरुद्धचा तो खटला होता. अशांना नियमित करू नका, असे न्यायालय म्हणाले. पण त्याच निकालात अपवादही सांगितला आहे. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना, सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करता येईल. ज्या माणसाविरुद्ध हा निकाल रोज वापरला जातो, त्याच्यासाठी त्याच निकालात दार उघडे ठेवले आहे. मात्र त्या दारातून आत जायला कागद लागतो, आणि तो आपल्या माणसाकडे नाही.

दोन लाख बावीस हजार

ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतलेल्या जनहित याचिकेत गायरानावरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढण्याचा विषय पुढे आला. राज्यभरात 2 लाख 22 हजारांहून अधिक बांधकामांचा आकडा त्यात होता. गावोगावी नोटिसा गेल्या, मोर्चे निघाले. हा आकडा घरांचा असल्यामुळे त्यात सगळ्या जातींचे, सगळ्या पक्षांचे मतदार होते. म्हणूनच सरकार सावध झाले आणि घरे पाडणार नाही असे सांगू लागले. गायरानावर शेती करणाऱ्यांसाठी असा आवाज उठला नाही. ते संख्येने कमी, विखुरलेले आणि बहुतांश आपले. सहानुभूतीसुद्धा मतांच्या हिशेबाने वाटली जाते, हे इथे नीट दिसते.

त्यात आता सौर प्रकल्पांची भर पडली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये 2023 पासून वीज उपकेंद्रांजवळच्या सरकारी आणि गायरान जमिनी सौर प्रकल्पांना दिल्या जात आहेत. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी हा उद्देश आहे आणि त्याला आमचा विरोध नाही. रात्री दोनला पाणी द्यायला जाऊन साप चावलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, त्यात आपलीही असतात. प्रश्न असा की, जी चराईची जमीन भूमिहीनाला द्यायची वेळ आली की गुरांची असते, तीच कंपनीला भाड्याने देताना इतकी झटपट मोकळी कशी होते? योजनेतून ग्रामपंचायतीला प्रोत्साहन अनुदान मिळते, त्यामुळे ठराव लवकर होतात. ‘जागा रिक्त आहे’ असा अहवाल कागदावर जातो, आणि त्याच वेळी त्या जागेवर कुणाची तरी तूर उभी असते. आमच्या कामाच्या पट्ट्यातल्या एका गावात मोजणीचे लोक आले, तेव्हा कसणाऱ्या बाईला हा ठराव झाल्याचे पहिल्यांदा कळले. ठराव झाला त्या ग्रामसभेला आपल्या वस्तीतले किती जण होते, हे आम्ही विचारले. कुणीच नव्हते.

हे ऐकून सरपंचाला शिव्या देणे सोपे आहे. पण त्या वस्तीत दोन मंडळे आहेत, तीन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, जयंतीला साउंड लावण्यावरून दोन्ही मंडळांत वाद होतो, आणि ग्रामसभेची दवंडी मात्र कुणाच्या कानावर जात नाही.

दंडाची पावती जपून ठेवा

कागद कसा उभा करायचा, याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सभांमध्ये हे कुणी सांगत नाही.

तलाठ्याकडे (2024 पासून पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे, लोक तलाठीच म्हणतात) गाव नमुना 1-ई नावाची नोंदवही असते. ती अतिक्रमणांची नोंदवही. आपले लोक तिला घाबरतात, नाव आले की जमीन जाईल असे त्यांना वाटते. खरे तर उलटे आहे. 1991 च्या निर्णयाखाली ताबा सिद्ध करायचा तर 1-ई मधली जुनी नोंद आणि अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाच्या पावत्या हाच सर्वांत भक्कम पुरावा. सरकारने शिक्षा म्हणून दिलेला कागद आपल्या हक्काचा साक्षीदार होतो. एका आजीने अशा पावत्या लुगड्याच्या घडीत पंचेचाळीस वर्षे जपल्या होत्या. शिकलेल्या मुलाने मात्र घर आवरताना ‘जुने कागद’ म्हणून अर्ध्या फेकून दिल्या.

पूर्वी तलाठी शिवारात फिरून पीकपाहणी लिहायचा. त्यात कधीमधी प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव येण्याची शक्यता असायची. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. मोबाईलमध्ये खातेदाराचे नाव निवडून, पिकाचा फोटो काढून नोंद करायची. सोय चांगलीच आहे, पण ज्याचे खातेच नाही तो काय निवडणार? तंत्रज्ञान आले की भेदभाव आपोआप संपतो असे मानणाऱ्यांनी या एका ॲपचा विचार करावा. इथे कुणा अधिकाऱ्याच्या मनात जात नव्हती. रचना करताना भूमिहीन कसणारा आठवला नाही, इतकेच. आणि न आठवण्याचा परिणाम द्वेषाच्या परिणामापेक्षा कमी नसतो.

म्हणून सध्या आम्ही कुटुंबागणिक एक पिशवी करतो: 1-ई चा उतारा, दंडाच्या पावत्या, जुन्या अर्जांच्या पोच, कुणावर अतिक्रमणाचा खटला झाला असेल तर त्याची नक्कल, जुने मतदार ओळखपत्र, शेजारच्या खातेदारांचे जबाब. नवरा-बायको दोघांची नावे अर्जात असावीत यावर आम्ही अडून बसतो. घरातूनच विरोध होतो, तरी बसतो. आणि एक कलम आम्ही प्रत्येक वस्तीत वाचून दाखवतो. 2015 च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 3(1)(फ) आणि (ग). त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाच्या फक्त मालकीच्या नव्हे, तर ताब्यातल्या जमिनीवर बेकायदा कब्जा करणेही गुन्हा आहे, आणि जमिनीवरून बेदखल करणे, पीक नष्ट करणे हेही त्यात येते. उभ्या पिकात मुद्दाम गुरे सोडली जातात तेव्हा ‘किरकोळ बाचाबाची’ अशी नोंद घेऊन परत येऊ नका. या कायद्याच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. तिची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागता येतात. मागणारे मात्र फार थोडे.

चार एकर आणि चाळीस एकर

सरकारी धोरणात जमीन देण्याची एक सरळ योजनाही आहे, आणि तिला दादासाहेबांचेच नाव आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना 2004-05 मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची. सुरुवातीला निम्मे अनुदान, निम्मे कर्ज होते. 2018 पासून शंभर टक्के अनुदान. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारपीडित कुटुंबांना प्राधान्य. कागदावर याहून चांगली योजना शोधून सापडणार नाही.

ती अडते भावात. सरकार खाजगी मालकाकडून जमीन विकत घेणार, आणि कमाल दर जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाख. रस्त्यालगत, पाण्याजवळ या दरात कोण विकेल? जी येते ती डोंगरउताराची, मुरमाड, वाटेवरून भांडण असलेली. त्याशिवाय ज्या गावात जमीन मिळायची, त्या गावात ती आपल्या माणसाला विकली म्हणून विकणाऱ्याला टोमणे खावे लागतात. जातीचा हा बाजारभाव कुठल्याच रेडीरेकनरमध्ये नसतो. कमाल दर दरवर्षी बाजाराशी जोडा, आणि ई-क्लासवर आधीच कसणारी पात्र कुटुंबे आहेत तिथे खरेदीचा घाट न घालता त्यांची वहितीच नावावर करा, ही मागणी आम्ही सातत्याने मांडतो. दुसऱ्या मागणीला सरकारचा एक रुपयाही लागत नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल आपण दलित पँथरच्या काळापासून वाचतो, पण त्यातली जमिनीची गोष्ट कमी सांगितली जाते. जानेवारी 1865 मध्ये, यादवी युद्ध संपत असताना, जनरल शेरमनने आदेश काढून दक्षिणेच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या गुलाम कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत देण्याचे ठरवले. हजारो कुटुंबे तिथे वसली, पेरणी झाली. त्याच वर्षी लिंकनची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला आणि त्याने ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत करायला लावली. दीडशे वर्षांनंतर तिथे वांशिक समतेच्या धोरणांवर चर्चा होते तेव्हा काळ्या आणि गोऱ्या कुटुंबांच्या संपत्तीतल्या दरीपर्यंत येऊन थांबते, आणि तिचे एक मूळ या परत घेतलेल्या चाळीस एकरांत आहे. गुलामी कायद्याने संपली होती, पण जमीन आदेशाने दिली होती, म्हणून आदेशाने काढता आली. आपले 1978 आणि 1991 चे निर्णयसुद्धा शासन निर्णयच आहेत, कायदे नव्हेत.

निधीचे तसेच

मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची बातमी आली. त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आदिवासी विकास विभागाचेही 335.70 कोटी गेले. सरकारचे म्हणणे असे की लाभार्थ्यांत अनुसूचित जातींच्या महिला आहेतच. असतीलच. पण त्या न्यायाने रस्त्यांचा आणि धरणांचा खर्चही या निधीत टाकता येईल, कारण रस्त्यावरून आपणही चालतो. अनुसूचित जाती घटक योजनेचा अर्थ लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी, आणि तो दरी कमी करण्यासाठी. सर्वांना मिळणारी योजना दरी जिथे होती तिथेच ठेवते.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने या निधीसाठी 2013 मध्येच कायदे केले. महाराष्ट्रात, फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात भाषण सुरू होत नाही, असा कायदा आजही नाही. तो हवाच. पण कायद्याने सगळे सुटते असेही नाही. कर्नाटकाने निधी वळवायला वाव देणारे 7(ड) कलम 2023 मध्ये काढून टाकले आणि तरीही 2024-25 साठी या निधीतले 14 हजार कोटींहून अधिक रुपये गॅरंटी योजनांसाठी दाखवले. तिथल्या दलित संघटना त्यावर भांडत आहेत. निदान त्यांच्या हातात भांडायला कायदा आहे.

निधीचे प्रमाण लोकसंख्येवर ठरते, म्हणून 2027 च्या जनगणनेकडेही याच नजरेने पाहायला हवे. 2011 मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जाती 11.8 टक्के होत्या. बौद्धांची संख्या सुमारे 65 लाख, त्यांतले अनुसूचित जातीत मोजले गेलेले सुमारे 52 लाख. उरलेल्यांत काही मूळचे वेगळे असतील, पण धर्म आणि जात या दोन रकान्यांचा गोंधळ हेही एक कारण आहे असे आम्हाला वाटते. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रातही मिळाला. त्यामुळे धर्म ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात अनुसूचीतली जात, असे लिहिण्यात धम्माशी कसलीही प्रतारणा नाही. जात लिहायला मन धजत नाही, हे आम्ही समजू शकतो. बाविसावी प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला तो रकाना टोचतोच. पण तो रकाना अभिमानाचा नाही, नुकसानभरपाईचा हिशेब आहे, आणि हिशेबात आपण कमी भरलो तर निधी कमी होतो. बुलडाणा जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपास आहे. इथल्या विहारांत हे घरोघर समजावून सांगणारी मुले हवीत, गणना सुरू होण्याआधी.

या परिसरातल्या तरुण मंडळांपुढे आम्ही ठेवलेला कार्यक्रम छोटा आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी प्रत्येक वस्तीतून दोघांनी तलाठी कार्यालयात जाऊन 1-ई च्या उताऱ्यासाठी अर्ज करायचा आणि पोच घ्यायची. ई-क्लासच्या कोणत्या गटांबाबत सौर प्रकल्पासाठी किंवा इतर कामासाठी ठराव झाले, हे ग्रामपंचायतीला माहिती अधिकारात विचारायचे. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. ग्रामसभेत वस्तीतली माणसे, त्यातही बाया, आधी येऊन बसतील आणि कसणाऱ्यांची नावे वाचून इतिवृत्तात घ्यायला लावतील, अशी तयारी करायची. अर्जांचा नमुना आम्ही तयार केला आहे. 14 ऑक्टोबरला नागपूरला जाणाऱ्या गाड्यांत तो वाटणार आहोत, कारण त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसे एकाच वेळी भेटतात आणि परतीच्या रात्रभराच्या प्रवासात प्रत्येकाकडे वाचायला वेळ असतो.